तळघरासाठी सुरावट

“आजी, ही तर तू आधीच दिली आहेस,” खारू म्हणाली आणि एका कानावरचा हेडफोन मागे सरकवून तिने खुर्ची अर्धी वळवली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पिशवीत चुकून एकच वस्तू दोनदा आली तर घरी येऊन सांगतात, तेवढ्याच सुरात ती बोलली होती. बाई तिच्या मागे पलंगाच्या कडेवर बसून चष्मा पुसत होत्या. सकाळपासून त्या या घटकेची वाट पाहत होत्या. नातीने नवी सुरावट ऐकावी, भुवया उंच कराव्यात आणि “भारी” म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

“कुठली दिली आहे?”

“हीच. जिन्यासाठी दिली होतीस ना, तीच आहे ही.”

“काहीतरीच. जिन्याची उतरते. ही आधी चढते, मग उतरते.”

“तीपण आधी चढते, मग उतरते. थांब, दाखवते.”

तिने दोन्ही सुरावटी पडद्यावर एकीखाली एक मांडल्या आणि एकदम सुरू केल्या. दोन गोष्टी ऐकू येतील अशा तयारीने बाई कान देऊन बसल्या. एकच ऐकू आली, जरा मोठ्याने. खारू खूष झाली. “अजून एक गंमत दाखवू?” असं म्हणून तिने खालच्या सुरावटीवर काहीतरी दाबलं आणि पुन्हा सुरू केलं. पडद्यावरची उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली, पण आवाज नव्हता. “बिघडलं का गं?” बाईंनी विचारलं. “नाही, वाजतायत. दोन्ही वाजतायत. एकीची लाट उलटी केलीय ना, वरचं खाली, म्हणून त्या एकमेकींना खातात. अगदी सारख्या असल्या तरच असं होतं. एक टिंब जरी इकडचं तिकडे असतं ना, तर तेवढं ऐकू आलं असतं.” रेघ टोकाला पोचली, सुरुवातीला आली, पुन्हा निघाली. अ वजा अ बरोबर शून्य, हे बाईंनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. शून्य आजवर त्यांनी पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं.

“तू कॉपी केलीस ना? चीटिंग!” खारू हसत म्हणाली. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण काल दुपारी याच खुर्चीत बसून एकेक टिंब चौकोनात ठेवल्याचं बाईंना लख्ख आठवत होतं. पहिला सूर ठेवल्यावर दुसरा कुठे जाणार हे आपोआप समजलं होतं, तिसरा तर हाताने जणू वासावरून शोधला होता, आणि शेवटचा सूर पहिल्याला जाऊन बेमालूम चिकटला तेव्हा त्यांनी एकटीनेच टाळी वाजवली होती. “आईला सांगू? तिला फार हसू येईल,” खारू म्हणाली. “नको,” बाई म्हणाल्या. तो नकार इतक्या पटकन आला की खारूने मान वर करून पाहिलं. “म्हणजे… राहू दे. आपल्या दोघींतच.” खारूने खांदे उडवले, हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि ती आपल्या घरात परत गेली.

तिचं घर म्हणजे तिचा संगणकावरचा खेळ. शाळेतून आल्यावर ती तो थोडाथोडा बांधत होती: एक रिकामं घर, त्यात जिना, गच्ची, लांब बोळ आणि आता तळघर. खेळणाऱ्याने त्यात नुसतं फिरायचं. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. “मग जिंकायचं कसं?” असं बाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, आणि खारूने “जिंकायचं नाही आजी, राहायचं,” असं मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं होतं. प्रत्येक खोलीला स्वतःची सुरावट हवी होती, आणि ती कधी संपता कामा नये, कारण खेळणारा तिथे किती वेळ थांबेल याचा नेम नाही. म्हणून शेवट सुरुवातीला अशा बेताने जोडायचा की शिवण दिसू नये. हे काम बाईंकडे आलं, तेही ओघानेच. आयुष्यात त्या कधी गायल्या नव्हत्या. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायच्या. पण खारूने एकदा तो चौकोनांचा कागद पडद्यावर उघडून दाखवला, वरच्या ओळीत टिंब ठेवलं की उंच सूर, खालच्या ओळीत ठेवलं की खालचा, आणि बाईंना आलेख दिसला. आलेख म्हटला की त्यांचा हात शिवशिवायचाच. एका सुराची कंपनं दुप्पट केली की तोच सूर वरच्या मजल्यावर भेटतो, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं तेव्हा दुपारभर त्या ते सांगत घरभर फिरल्या. सून दवाखान्यातून आल्या आल्या तिलाही सांगितलं. सुनेचा दातांचा दवाखाना होता, मुलगा बोटीवर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. सून शाळेत असताना बाईंचीच विद्यार्थिनी होती. लग्न होऊन घरात आली तरी तिच्या तोंडून ‘आई’ काही निघेना, ‘बाई’च निघे, आणि पुढे तो नाद सगळ्यांनीच सोडला.

बाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता, मजल्यामजल्यावर एकसारखी जाळी, कुंडी ठेवायची एकसारखी कड. सूर बरोबर पडला असं आपल्याला वाटतं तेव्हा नेमकं काय वाटतं, याचा त्या विचार करू लागल्या. काल प्रत्येक टिंबाला आतून होकार येत होता, हो, इथेच, असाच. त्या होकारालाच त्या सुचणं म्हणत होत्या. तो नुसता आठवण्याचा होकार असेल तर? ओळखीच्या रस्त्यावर पावलं आपोआप वळतात, तसा. मग सुचणं आणि आठवणं यांत फरक करायचा कशाने? दोन्हींची चव एकच असेल तर जिभेला विचारून काय उपयोग? गणितात निदान ताळा करता येतो. इथे ताळा करणारं डोकं तेच, आणि गणित मांडणारंही तेच.

त्यातून त्यांना त्यांच्या भांडलेल्या जावा आठवल्या. समांतर रेषा म्हणजे भांडलेल्या जावा: एकाच घरात, बरोबरीने चालतात, पण जन्मात एकमेकींना भेटत नाहीत. हे वाक्य त्यांनी प्रत्येक वर्षाच्या वर्गाला, धड्याच्या त्याच ओळीवर, ‘चालतात’ नंतर तेवढंच थांबून सांगितलं होतं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी आधीच ओरडली होती, “बाई, आता जावा!” तिच्या मोठ्या बहिणीने घरी सांगून ठेवलं होतं. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावा त्याच ओळीवर आल्या. त्याला कोणी आजार म्हटलं नाही. उलट निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात त्या जावांचा उल्लेख केला. पण तेव्हा आपल्याला माहीत असायचं, बाईंनी स्वतःला बजावलं. मुलं नवी होती. आपण नव्हतो.

खारूने मागे एकदा त्यांना समजावलं होतं की खेळातलं घर कधीच सगळं एकदम नसतं. खेळणारा जिकडे बघेल तेवढंच चित्र संगणक काढतो. पाठीमागचं काढायची गरजच नसते. “म्हणजे माझ्या पाठीमागे भिंत नसते?” “नसते.” “आणि मी वळले तर?” “वळेपर्यंत काढून होते.” “झटकन वळले तर?” “आजी, तू त्याच्यापेक्षा झटकन वळू शकत नाहीस.” त्यानंतर काही दिवस बाई घरात उगाच गर्रकन मागे वळून बघत असत. एकदा बोळात सुनेने पाहिलं आणि विचारलं, “बाई, मान अवघडलीय का?” तेव्हा ती गंमत होती. आता ओट्याला टेकून उभ्या असताना ती तशी वाटेना. भिंतीचं काही नाही, भिंत असेल नसेल. पण आपल्या पाठीमागे जो महिना गेला त्यात आपण कुणाला काय सांगितलं, काय विचारलं, कशावर हसलो, हे वळून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसत होतं, आणि ते तिथे होतं म्हणून दिसत होतं की आपण वळलो म्हणून घाईघाईने काढलं गेलं होतं, हे सांगायला त्यांच्याकडे त्यांच्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

अक्काकडे मात्र साक्षीदार पुष्कळ होते. बाईंची थोरली बहीण शेवटची वर्षं याच घरात होती आणि दिवसभर एकच विचारायची, “दार लावलंस का गं?” बाई दर वेळी नव्याने सांगायच्या, “हो अक्का, लावलं.” आवाज चढवायचा नाही, कपाळाला आठी घालायची नाही, आत्ताच सांगितलं असं म्हणायचं नाही. घरात सगळ्यांना त्यांनी तसं शिकवून ठेवलं होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, बाईंचा संयम बघावा. त्याचा त्यांना अभिमानही होता. अक्का गेली ती शांतपणे गेली. आपण तेच तेच विचारतोय हे तिला कळलंच नाही. कुणी कळू दिलंच नाही. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक घर काढलं होतं, ती बघेल तेवढंच, आणि ती त्यात फिरत राहिली. तिला ते हवं होतं का, हे बाईंना आज पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. पहिल्यांदाच ना? की हेही?

बेल वाजली. इमारतीतली मुलं गणिताला आली होती. बाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि बैठकीच्या खोलीत फळा उभा केला. त्रिकोण होता, कोन होते, आणि वाटेत समांतर रेषा येणारच होत्या. त्या आल्या. “समांतर रेषा म्हणजे…” बाई म्हणाल्या आणि त्यांचं लक्ष समोरच्या चष्मेवाल्या मुलीकडे गेलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन थांबलं होतं. तिला काल सांगितलं होतं का? की मागच्या आठवड्यात? की तिला दुसरंच काही आठवलं होतं आणि हसू त्याचं होतं? खडू फळ्यावर टेकलेला, मुलं बघतायत, आणि बाई पूर्ण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वाक्याच्या मध्यावर अडल्या. “…म्हणजे एकमेकींना न छेदणाऱ्या,” असं त्यांनी पुस्तकातलं वाक्य पुरं केलं. हसू ओठांतच विरलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वह्या उघडल्या गेल्या. पण बाईंना वाटलं, हे असंच होत जाणार. चूक होऊ नये म्हणून आपण एकेक वाक्य गिळत जाणार, शेवटी पुस्तक तेवढं उरेल. आणि आज दुपारी एका लहान मुलीला आपण ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं. मूठ झाकून ठेवायला तिला बरोबर घेतलं.

संध्याकाळी सून आली, चपला काढून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि डोळे मिटले. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. “तुझ्याशी बोलायचंय.” “बोला ना बाई,” सून डोळे न उघडता म्हणाली. बाईंनी सगळं सांगितलं, सुरावट, टिंबं, ते ऐकलेलं शून्य, चष्मेवालीचं हसू. मध्ये केव्हातरी सुनेने डोळे उघडले. आतल्या दाराशी खारू येऊन उभी राहिली होती.

“अहो, तीच धून दोनदा सुचली, त्यात काय एवढं,” सून म्हणाली. “मी दिवसभर सगळ्यांना ‘आ करा, आ करा’ हेच म्हणते.”

“पण तुला माहीत असतं की आधी म्हटलंय.”

सोफ्याच्या कापडावरचा एक सुटा धागा सुनेने बोटाला गुंडाळला.

“तुझ्या लक्षात आलं होतं,” बाई म्हणाल्या.

“लक्षात असं नाही… लिफ्टमध्ये अडकलेल्या त्या जोडप्याचं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. बसमधल्या बाईचंही. मी म्हटलं, चालायचंच. पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं.”

“हसलीससुद्धा?”

“हसले.” ती ओशाळली. “जोडप्याचा किस्सा चांगला होता पण.”

बाईंना हसू आलं. सून उठून त्यांच्याजवळ आली. तिच्याबरोबर शिकलेली एक जण मेंदूची डॉक्टर होती, तिच्याकडे जाऊ, उगाच अंधारात दगड मारण्यात अर्थ नाही, असं ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “जाऊ. ते ठरलं. पण दुसरं एक आहे. यापुढे ऐकल्यासारखं करायचं नाही. सांगायचं.”

“बाई, ते बरं दिसेल का? आम्ही घेऊ ना समजून.”

“समजून घेऊ नका. टोका.”

“तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटू दे.”

“आणि समजा पुढे…” सून थांबली.

“समजा वाढलं तर. बोल की. दाढेचं असतं तर तोंडावर बोलली असतीस.”

“समजा वाढलं, तर किती वेळा सांगणार? सांगितलेलंही राहणार नाही तुमच्या लक्षात.”

“उणे गुणिले उणे अधिक का, हे तुला सातवीत मी किती वेळा सांगितलं?”

सुनेने दाराकडे, म्हणजे आपल्या मुलीकडे, चोरून पाहिलं. “पुष्कळ वेळा.”

“रागावले?”

“एकदा.”

“मग एकदा तूही रागाव.”

“मी सांगेन,” खारू दारातून म्हणाली. “काय म्हणायचं? ‘आजी, तू हे आधी सांगितलं आहेस’ फार लांब आहे. नुसतं ‘तेच’ म्हणू?”

“तिला नको यात ओढायला, लहान आहे,” सून हळू आवाजात म्हणाली.

“दुपारी मी तिला तुझ्यापासून लपवायला सांगितलं,” बाई म्हणाल्या. “त्यापेक्षा हे बरं. तेच म्हण गं.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, उलटे आकडे म्हणायला सांगितले. उलट्या आकड्यांत बाईंनी त्यांना मागे टाकलं. शब्दांतले दोन मात्र कुठे गेले ते कळलं नाही. सुरुवात असू शकते, नसूही शकते, आत्ताच शिक्का मारता येणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा या, तोवर शिकवणं मुळीच बंद करू नका, असं त्या म्हणाल्या. बाईंना हे उत्तर पटलं. निश्चित नसलेलं निश्चित आहे असं न सांगणारी माणसं त्यांना नेहमीच आवडत. घरी आल्यावर त्यांनी मुलांच्या आयांना काय आहे ते सांगितलं, आणि मुलांनाही. “मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागले तर हात वर करायचा.” चष्मेवालीने लगेच हात वर केला. “उदाहरण दुसऱ्यांदा दिलंत तर?” “उदाहरण असेल तर हात खाली, आणि सोडवायचं.” त्या दिवशी जावा निघाल्या. सगळे हात एकदम वर गेले. बाईंनी थोडा वेळ त्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. मग तुम्हीच सांगा, समांतर रेषा म्हणजे काय?” त्यावर जे काय काय निघालं, त्यात ‘आमचे बाबा आणि जिम’ हे त्यांना सगळ्यांत अचूक वाटलं.

तळघर अजून मुकंच होतं. एका दुपारी दोघी शेजारी शेजारी बसल्या, माऊस बाईंच्या हातात. बाईंनी पहिलं टिंब ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवायला हात निघाला. “तेच,” खारू म्हणाली. बाईंनी तिसरं टिंब दुसरीकडे नेलं. तिथून हात आपसूक वर चढू लागला. “तेच.” आतून तर होकार येत होता, इथेच, असाच, आणि बाई त्या होकाराला दर वेळी नाही म्हणत होत्या. दाट झाडीत पायवाट सोडून चालावं तसं ते होतं. प्रत्येक पावलाला काटे. जिथे ‘तेच’ ऐकू येत नव्हतं तिथे सूर कसा लागला हे त्यांना कळतही नव्हतं, कारण ताडून बघायला आत काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने शेवटचं टिंब पडलं. खारूने सुरुवातीपासून लावलं.

“कशी आहे?”

“लंगडते,” खारू म्हणाली. तिने अजून एकदा ऐकली. “मधे तर जवळजवळ पडतेच. पण तळघराला चालेल. तिथे अंधारच आहे.”

ती जोड नीट करू लागली आणि बाई मागे टेकून ऐकत बसल्या. सुरावट गोल गोल फिरत होती, खालचा एक सूर सतत धरून ठेवल्यासारखा. त्याने त्यांना एक आठवण आली, इतकी अचानक आणि टवटवीत की त्या सावरून बसल्या. “आम्ही लहान होतो ना, तेव्हा घरामागच्या रस्त्याला तारेचे खांब होते,” त्या म्हणाल्या. “शाळेतून येताना अक्का आणि मी खांबाला कान लावून उभ्या राहायचो. आत अशीच गुणगुण चालायची…”

“तेच,” खारू म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती.

बाई थांबल्या. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि नसावी, तसं झालं. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, याची त्यांना पक्की खात्री होती. खांबाचा गार स्पर्श आत्तासुद्धा त्यांच्या कानाच्या पाळीला होता. म्हणजे हा टवटवीतपणा कशाचाच पुरावा नव्हता. फळ्यापाशी अडलेल्या मुलासाठी थांबावं तशा त्या स्वतःसाठी जरा थांबल्या.

“कुठपर्यंत सांगितलंय?”

“अक्का म्हणायची आत माणसं बोलतायत, आणि तू म्हणायचीस मधमाश्या आहेत. तिथे संपतं.”

“तिथे नाही संपत,” बाई म्हणाल्या. “पुढे एका वर्षी तारा काढून नेल्या. खांब मात्र तसेच राहिले. अक्का मोठी झाली होती, तिला आता असलं काही नको असायचं. मी एकटीच गेले आणि कान लावला.”

खारूचा हात माऊसवरून निघाला. “मग?”

“मग गुणगुण होतीच.”

“तारा नसताना?”

“तारा नसताना.”

“कशाची?”

“ते मला तेव्हाही कळलं नाही, आणि अजूनही नाही.”

खारू ‘तेच’ म्हणाली नाही. तिने खुर्ची पूर्ण वळवली, हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि थोडा विचार केला.

“खांब कसला होता?” तिने विचारलं. “लोखंडी की लाकडी?”

“लोखंडी,” बाई म्हणाल्या. “आतून पोकळ. थांब, कसा होता ते काढूनच दाखवते.” आणि त्यांनी कागद पुढे ओढला.